लिहून झाले, आता वाचून पाहा

श्रोतेहो, आपल्याकडे एक वाक्य फार ऐकू येते. कुणी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर सूचना लिहितो, कुणी शाळेचे परिपत्रक काढतो, कुणी मोबाईलवरून साऱ्या गावाला निरोप धाडतो. त्यात एखादी चूक राहते. ती कुणी दाखवली, की लिहिणारा म्हणतो, "अहो, अर्थ कळला ना? मग झालं तर!"

वरवर पाहता हे म्हणणे रास्त वाटते. लिहायचे ते अर्थ कळावा म्हणूनच. ऱ्हस्वाच्या जागी दीर्घ वेलांटी पडली म्हणून काही आभाळ कोसळत नाही. पण अर्थ कळला की नाही, हे ठरवायचे कुणी? लिहिणाऱ्याने की वाचणाऱ्याने? आणि वाचणाऱ्याला अर्थ कळला खरा, पण तो भलताच कळला, तर त्याची भरपाई कुणी करायची? लोकांपुढे ठेवण्याआधी आपले लिहिणे पुन्हा वाचून पाहणे खरोखरच गरजेचे आहे काय, आणि असेल तर ते कसे करावे, याचा आज आपण थोडा विचार करू.

पहिली गोष्ट अशी, की हे काम पूर्वी दुसरे कुणीतरी करत असे. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत 'दर्पण' सुरू केले. तेव्हापासून पुढे दीडशे वर्षे मराठी मजकूर लोकांपुढे यायचा तो बहुतेक छापखान्यातून. लिहिणारा आणि वाचणारा यांच्यामध्ये तिथे चार माणसे उभी असत. जुळारी एकेक खिळा उचलून ओळ जुळवायचा. जुळवलेल्या मजकुराचा कच्चा ठसा काढायचे. त्याला प्रूफ म्हणत. मग मुद्रितशोधक ते प्रूफ तपासायला बसे. एकजण मूळ कागद मोठ्याने वाची आणि दुसरा प्रुफावर बोट ठेवून अक्षर न् अक्षर पाही. चुका दुरुस्त झाल्या की दुसरे प्रूफ, आणि काम नाजूक असेल तर तिसरे. जावजी दादाजी चौधरी यांच्या मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याचे नाव देशभर झाले, ते सुबक टायपाइतकेच या काळजीमुळे. एवढे करूनही चूक राहायचीच. म्हणून तर विशाखदत्ताच्या संस्कृत नाटकाचे 'मुद्राराक्षस' हे नाव आपल्या लोकांनी थट्टेने छापखान्यातल्या चुकांना देऊन टाकले.

आज ती चार माणसे मधून निघून गेली आहेत. ज्याच्या हातात मोबाईल आहे त्याचा स्वतःचा छापखाना आहे. बोटाने एक कळ दाबली, की निरोप दोनशे घरांत पोहोचतो. लिहायचा कंटाळा असेल तर आपण बोलावे आणि यंत्राने अक्षरे उमटवावीत, अशीही सोय झाली आहे. सोय मोठी, यात वाद नाही. पण यंत्राला 'दिन' आणि 'दीन' कानाने वेगळे ओळखता येत नाहीत, आणि कधी कधी ते आपण न उच्चारलेला शब्दही खुशाल बसवून देते. जुळारी गेला, मुद्रितशोधकही गेला; त्यांचे काम मात्र राहिलेच आहे. ते आता लिहिणाऱ्याच्या गळ्यात आले आहे.

दुसरी गोष्ट, बोलणे आणि लिहिणे यांतला फरक. बांधावर उभे राहून कुणी शेजाऱ्याला सांगतो, "तात्या, दहा लिटर पाण्यात टाका." तात्यांना शंका आली तर ते तिथल्या तिथे विचारतात, "दहा का शंभर रे?" "शंभर, शंभर!" विषय मिटला. कागदाला असे उलटून विचारता येत नाही. कागद लिहिणाऱ्याला मागे सोडून एकटाच फिरतो. लिहिणारा झोपलेला असताना कुणीतरी तो कागद वाचत असतो आणि त्याप्रमाणे वागत असतो. चूक लिहिणाऱ्याची, पण तिचा भुर्दंड पडतो वाचणाऱ्यावर. पुन्हा वाचून पाहण्याचे खरे कारण हे आहे. लोक हसतील म्हणून वाचायचे नाही; दुसऱ्याचे नुकसान होऊ नये म्हणून वाचायचे.

हे नुकसान किती होऊ शकते, ते आपल्या रोजच्या व्यवहारातून पाहू.

द्राक्ष बागायतदारांना बोर्डो मिश्रण नवे नाही. एक टक्का मिश्रणाचे प्रमाण ठरलेले आहे: मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो आणि पाणी १०० लिटर. हे फवारायचे. आता ही कृती कुणी उतरवून घेताना एक शून्य गळले आणि पाणी १० लिटर झाले, तर? मिश्रण दहापट तीव्र झाले. आणि मौज अशी, की एक, एक आणि दहा हे प्रमाणही शेतीत खरोखरच आहे. पण ते बोर्डो मलमाचे. ते ब्रशाने झाडाच्या खोडाला लावायचे असते. संत्रा-मोसंबीच्या बागेत खोडांना लावलेला तो निळसर थर आपण पाहतो. म्हणजे एका शून्यापायी खोडाला लावायचे औषध कोवळ्या पानांवर जायचे. वाचणाऱ्याला संशयही यायचा नाही, कारण 'दहा लिटर' हा आकडाही त्याने कुठेतरी ऐकलेला असतो. चुकीचा आकडा वेडाविद्रा दिसला तर माणूस थबकतो. तो बरोबर असल्यासारखा दिसला, म्हणजे घात होतो.

दुसरे उदाहरण घरातले. मुलाला जुलाब लागले आणि औषधाच्या दुकानातली क्षार-साखरेची पुडी हाताशी नसली, तर घरी जलसंजीवनी करून देतात. १ लिटर स्वच्छ पाणी, चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. शाळेच्या फळ्यावर किंवा अंगणवाडीच्या भिंतीवर ही कृती लिहिताना साखर आणि मीठ या दोन शब्दांची अदलाबदल झाली, तर काय होईल ते सांगायला नको. सहा चमचे मिठाचे पाणी तहानलेल्या लेकराच्या पोटात गेले तर ते त्याच्या जिवावर बेतू शकते. इथे ऱ्हस्व-दीर्घाची एकही चूक नाही. शुद्धलेखनाच्या परीक्षेत हा मजकूर पैकीच्या पैकी गुण मिळवील. तरीही तो भिंतीवर राहता कामा नये.

तिसरे उदाहरण जमिनीचे. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर आणि आर यांत असते. १०० आर म्हणजे १ हेक्टर. ०.४० हेक्टर म्हणजे साधारण एक एकर जमीन, ०.०४ हेक्टर म्हणजे जेमतेम चार गुंठे. शून्य आणि चार यांनी जागा बदलली, की एकराचे चार गुंठे झाले! अशा लेखनातल्या चुका दुरुस्त करण्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये १५५ क्रमांकाचे स्वतंत्र कलम आहे. म्हणजे चूक सुधारता येते, ही आनंदाची गोष्ट. पण त्यासाठी अर्ज करा, जुने फेरफार शोधा, नकला काढा, तहसिलीच्या पायऱ्या चढा. चूक करायला लागतो एक क्षण. ती निस्तरायला कित्येक महिने.

आता तुम्ही म्हणाल, "अहो, हे सगळं खरं. पण प्रत्येक शब्दाकडे असं डोळ्यांत तेल घालून कोण बघणार? आम्हाला दुसरे उद्योग आहेत." बरोबर आहे. म्हणून कुठे जास्त पाहायचे, हे ठरवून ठेवावे. लक्षात ठेवायला सोपे जावे म्हणून आपण त्याला तीन 'न' म्हणू: नाव, नंबर आणि नकार.

नाव म्हणजे माणसाचे, गावाचे, औषधाचे, योजनेचे नाव. शिक्षकांना हे अधिक सांगायला नको. शाळेच्या जनरल रजिस्टरात पहिलीच्या वेळी जे नाव आणि जी जन्मतारीख लिहिली, तीच पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर उतरते. आधार कार्डावर एक नाव, बँकेच्या पासबुकावर दुसरे आणि दाखल्यावर तिसरे असले, की शिष्यवृत्ती अडते, नोकरीच्या वेळी कागद परत येतात. रजिस्टरात नाव लिहिल्यावर ते पालकांना एकदा मोठ्याने वाचून दाखवावे. "माय, पोराचं नाव असंच ना? आडनाव असंच ना?" एवढे विचारायला अर्धे मिनिट लागते. पण त्या अर्ध्या मिनिटावर एका मुलाची पुढची वीस वर्षे सुरळीत जातात.

नंबर म्हणजे आकडा: रक्कम, तारीख, वेळ, गट नंबर, मोबाईल नंबर, औषधाचे प्रमाण. घाईच्या हातात मराठी १ आणि ९ यांत फरक उरत नाही. ३ आणि ६ तर एकमेकांकडे पाठ फिरवून बसलेले भाऊच. आपल्या व्यवहारी वाडवडिलांनी यावर एक युक्ती काढून ठेवली आहे. रक्कम आकड्यांत लिहायची आणि पुढे 'अक्षरी' म्हणून शब्दांतही लिहायची. धनादेशावर आजही आपण तसेच करतो; आणि दोन्हींत फरक पडला तर शब्दांतली रक्कम धरावी, असे १८८१ च्या पराक्राम्य संलेख कायद्यातच सांगितले आहे. ही युक्ती इतर ठिकाणीही वापरता येते. सभेची तारीख लिहिताना वारही लिहावा. कुणी 'बुधवार, १५ ऑगस्ट २०२४' असे लिहिले, तर दिनदर्शिका पाहणारा लगेच म्हणेल, की बाबा, त्या दिवशी गुरुवार होता. यात काहीतरी गडबड आहे. वार आणि तारीख एकमेकांवर पहारा करतात. वेळ लिहिताना नुसते '८ वाजता' न लिहिता 'सकाळी ८ वाजता' लिहावे. गावात एस.टी. दिवसातून दोनदा येत असेल, तर या एका शब्दाने कुणाची तरी खेप वाचते.

नकार म्हणजे 'नाही', 'नको', 'नये', 'नका' हे शब्द. दिसायला एवढेसे, पण त्यांतला एक गळाला तर वाक्य डोक्यावर उभे राहते. लंडनमध्ये १६३१ साली रॉबर्ट बार्कर आणि मार्टिन लुकस या राजमुद्रकांनी बायबलाची एक आवृत्ती छापली. दहा आज्ञांपैकी व्यभिचाराचा निषेध करणाऱ्या आज्ञेतला नकाराचा शब्दच त्यात सुटला! धर्मग्रंथाने नेमके उलटे सांगितले. राजाने मुद्रकांना ३०० पौंड दंड केला आणि प्रती परत मागवून नष्ट करण्याचा हुकूम दिला. ती आवृत्ती आजही 'दुष्ट बायबल' या नावाने ओळखली जाते. आपल्याकडे विहिरीवर पाटी लागते: 'हे पाणी पिण्यास योग्य नाही.' रंगवणाऱ्याची जागा संपली आणि 'नाही' खाली दुसऱ्या ओळीत गेले, पुढे पावसात पुसले, की उरते काय? म्हणून नकाराची वाक्ये शक्यतो सरळ करून लिहावीत. 'उकळल्याशिवाय पाणी पिऊ नये' यापेक्षा 'पाणी उकळूनच प्यावे' हे बरे. त्यात गळण्यासारखा नकारच नाही.

या तीन 'न'च्या जोडीला मराठीत आणखी एक बारीकशी वस्तू आहे, ती म्हणजे डोक्यावरचा टिंब. आपल्या भाषेत हा टिंब कित्येकदा एकाचे अनेक करतो. 'विद्यार्थ्याची फी माफ' म्हणजे एका मुलाची. 'विद्यार्थ्यांची फी माफ' म्हणजे सगळ्यांची. 'शेतकऱ्याचे अर्ज' आणि 'शेतकऱ्यांचे अर्ज' यांत तोच फरक. झेरॉक्सच्या प्रतीत हा टिंब उडून जातो, किंवा कागदावरचा डाग टिंब होऊन बसतो. तसेच 'व' आणि 'वा' यांचे. 'आई व वडील यांची सही' म्हणजे दोघांच्या सह्या. 'आई वा वडील यांची सही' म्हणजे कुणाही एकाची. एका कान्याने दोन सह्यांची एक सही झाली.

एका अक्षराचे मोल सांगताना 'ध चा मा' आठवल्याशिवाय राहत नाही. नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात झाला. 'धरावे' या हुकमाचे कुणी 'मारावे' केले, अशी आख्यायिका तेव्हापासून चालत आली. ती इतिहास म्हणून किती टिकते, हा प्रश्न वेगळा. त्या गोष्टीत कपट आहे. आपण बोलतो आहोत ते कपटाबद्दल नव्हे, साध्या घाईबद्दल. पण कागद वाचणाऱ्याला कपट कुठले आणि घाई कुठली, हे कागदावरून कळत नाही. त्याच्या वाट्याला परिणाम सारखाच येतो.

लिहिलेले तपासून पाहण्याची रीत ही काही साहेबाच्या छापखान्याबरोबर आपल्याकडे आलेली नाही. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली सिद्ध झाली. पुढे जवळजवळ तीनशे वर्षे ती हाताने नकलून घेतली जात होती. नकलणारा कधी शब्द चुके, कधी ओवी गाळी, कधी हौसेने स्वतःची भर घाली. पैठणच्या एकनाथ महाराजांनी निरनिराळ्या पाठांतले दोष काढून शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, शुद्ध प्रत तयार केली. आणि यापुढे कुणीही आपली ओवी तीत घालू नये, असेही बजावले. नाथ स्वतः थोर कवी. त्यांच्या हातात लेखणी होती, अधिकार होता. पण त्यांनी मूळ शब्द राखण्याचे काम पत्करले. दुसऱ्याचे लिहिणे तपासताना आपण आपली भर घालायची नसते, हा धडा त्यातून घ्यावा. समर्थ रामदासांनीही दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेसाठी दिला आहे. अक्षर वाटोळे, सरळ, मोकळे असावे. पहिल्या अक्षरापासून ग्रंथ संपेपर्यंत ते एकसारखे असावे, असा त्याचा आशय आहे. वाचणाऱ्याची काळजी, ती हीच.

आता प्रश्न येतो, की आपली चूक आपल्याला दिसत का नाही? दुसऱ्याच्या पत्रातली चूक झटकन दिसते. स्वतःचे पत्र चार वेळा वाचले तरी चूक लपून बसते. याचे कारण आपल्या डोळ्यांच्या आणि मनाच्या कामात आहे. वाचताना डोळा बैलगाडीसारखा ओळीवरून सरळ चालत नाही. तो टोळासारखा उड्या मारत जातो. एका सेकंदात तो तीन-चार वेळा थांबतो आणि पुढे उडी घेतो. मधले बरेचसे मन आपल्या अंदाजाने भरून काढते. दुसऱ्याचा मजकूर असेल तर अंदाज फसतो आणि मन सावध होते. आपला मजकूर असेल तर काय लिहायचे होते ते मनाला आधीच पाठ असते. मग डोळा कागदावर असतो आणि आपण वाचतो ते मनातले! म्हणून चूक दिसली नाही तर त्यात कमीपणा मानू नये. उपाय एकच: मनाची ही पाठ झालेली वाट मोडायची.

ती मोडण्याच्या साध्या युक्त्या सांगतो.

एक. लिहिणे आणि वाचणे यांच्यामध्ये थोडा वेळ जाऊ द्यावा. अर्ज आज लिहिला तर उद्या सकाळी वाचावा. तेवढी सवड नसेल तर निदान पाणी पिऊन यावे, गोठ्यात डोकावून यावे, आणि मग वाचावे.

दोन. मोठ्याने वाचावे, आणि शब्दावर बोट ठेवून वाचावे. तोंडाला उडी मारता येत नाही. गळलेला शब्द जिभेला ठेच लागल्यासारखा कळतो. वाक्य वाचताना मध्येच दम लागला, तर ते वाक्य फार लांब झाले आहे असे समजावे आणि त्याचे दोन तुकडे करावेत.

तीन. आकडे आणि नावे यांची फेरी वेगळी करावी. मजकूर वाचता वाचता आकडे तपासले जात नाहीत. मूळ कागद शेजारी ठेवून फक्त आकडे ताडून पाहावेत. मोबाईल नंबर असेल तर तो लावूनच पाहावा. औषधाचे प्रमाण असेल तर पुडीवर किंवा बाटलीवर जे छापले आहे त्याच्याशी ताडावे. आठवणीवर विसंबू नये.

चार. दुसऱ्याला दाखवावे. तो फार शिकलेला असलाच पाहिजे असे नाही. उलट ज्याच्यासाठी लिहिले, त्यालाच दाखवलेले उत्तम. "आजी, हे ऐकून यातनं तुम्हाला काय समजलं ते सांगा," असे विचारावे. 'समजलं का?' असे विचारू नये. त्याला सगळेच 'हो' म्हणतात. काय समजले, ते त्यांच्या तोंडून ऐकावे. आजींनी दुसरेच काही सांगितले, तर आजींचे चुकले नाही. आपले लिहिणे चुकले.

यात तारतम्यही पाहिजे. मुंबईला कामाला असलेल्या मुलाला आई चार ओळी लिहिते, त्या तपासून पाठवायची गरज नाही. त्यात वेलांटी चुकली तरी माया चुकत नाही. हे लिहिणे किती लोक वाचणार, किती दिवस टिकणार, आणि चुकले तर कुणाचे काय जाणार, या तीन प्रश्नांवरून किती वेळा वाचायचे ते ठरवावे. घरच्या चिठ्ठीला एक नजर पुरे. ग्रामसभेच्या नोटिशीला दोन वाचने आणि एक दुसरा माणूस. औषधाच्या, पैशाच्या आणि जमिनीच्या कागदाला जेवढी काळजी घ्याल तेवढी थोडी.

आता शिक्षक बंधू-भगिनींशी थोडे. या विषयाची दुसरी एक बाजू आहे, आणि ती तुमच्या हातात आहे. आपल्या खेड्यापाड्यांत अशी पुष्कळ माणसे आहेत, की ज्यांना सांगायचे खूप असते, पण ती लिहीत नाहीत. का? तर लहानपणी कुणीतरी त्यांच्या वहीवर लाल शाईचा सडा घातलेला असतो. किंवा 'पानी' लिहिले म्हणून सारा वर्ग हसलेला असतो. वऱ्हाडात, खानदेशात, कोकणात घरची बोली निरनिराळी आहे. घरची बोली ही चूक नव्हे. जाहीर कागदावर सगळ्यांना सारखे कळावे म्हणून आपण एक ठरलेले रूप वापरतो, एवढेच. वजनमापे ठरवून घेतली तसे हे. आणि ही ठरवलेली रूपेही बदलतात. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले शुद्धलेखनाचे चौदा नियम १९६२ मध्ये लागू झाले, आणि १९७२ मध्ये आणखी चार वाढून ते अठरा झाले. त्याआधीच्या पुस्तकांत 'नाहीं', 'कांहीं', 'गांव' असे टिंब देत. पुढच्या पुस्तकांत ते गेले. १९५० सालचा लिहिणारा अडाणी नव्हता आणि १९७५ सालचाही नव्हता. दोघेही आपापल्या काळातला ठराव पाळत होते. हे मुलांना सांगितले तर त्यांची भीती जाईल आणि नियमाबद्दल आदरही राहील.

म्हणून वहीतली प्रत्येक चूक आपणच गोल करून दाखवण्याऐवजी ओळीच्या टोकाला नुसती एक बारीक खूण करावी: 'या ओळीत एक चूक आहे; शोध.' मुलगा स्वतः शोधतो आणि सापडली की खूश होतो. निबंधाला अर्धा तास दिला तर शेवटची पाच मिनिटे लिहिणे बंद करून फक्त वाचायला द्यावीत. शाळेचे भित्तिपत्रक किंवा हस्तलिखित मासिक निघत असेल, तर छापखान्यातली ती जुनी जोडी वर्गात बसवावी: एका मुलाने मूळ कागद वाचायचा, दुसऱ्याने पक्क्या प्रतीवर बोट फिरवायचे. मुलांना हा खेळ वाटतो. आणि दुसऱ्याच्या कामात चूक काढणे म्हणजे त्याला हिणवणे नव्हे, त्याला मदत करणे आहे, हे त्यांना न सांगता कळते. गावाच्या दृष्टीने हे शिक्षण मोठे आहे. कारण 'चूक दाखवली म्हणजे अपमान केला' या समजुतीपायीच कित्येक चुका भिंतीवर तशाच राहतात.

एवढी काळजी घेऊनही चूक राहीलच. मग काय करावे? ती कबूल करून लगेच सुधारावी. जुन्या ग्रंथांना शुद्धिपत्र जोडत, ते लाजेने नव्हे; वाचकाशी असलेल्या इमानाने. सुधारणा करताना ती मूळ चुकीइतकीच ठळक असावी. सूचना फळ्यावर लिहिली असेल तर दुरुस्तीही त्याच फळ्यावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत. काय चुकले होते आणि बरोबर काय, हे दोन्ही लिहावे. 'काल सभेची वेळ सकाळी ८ लिहिली होती. ती सायंकाळी ८ अशी वाचावी.' गुपचूप आकडा पुसून नवा लिहिला, तर काल वाचून गेलेला माणूस सकाळी आठला येऊन बसेल. मोबाईलवरच्या निरोपाचे तर अधिकच सांभाळावे लागते. आपण तो आपल्या बाजूने पुसला तरी दुसऱ्याने पुढे पाठवलेली प्रत फिरतच राहते. म्हणून दुरुस्तीच्या निरोपात तारीख घालावी आणि ज्यांना पहिला निरोप गेला त्या सगळ्यांना ती पोहोचवावी.

आणि आपण वाचणाऱ्याच्या जागी असू, तेव्हा आपलेही एक काम आहे. चुकीचा वाटणारा निरोप पुढे ढकलण्याआधी लिहिणाऱ्याला विचारावे: "भाऊसाहेब, हा आकडा बरोबर आहे ना?" चांगला ग्रामसेवक या प्रश्नाने रागावणार नाही, तो कागद काढून पाहील.

तर श्रोतेहो, अर्थ कळला की झाले, हे खरेच आहे. पण तो कळला की नाही याची खात्री करून घेण्याचे काम लिहिणाऱ्याचे आहे, आणि त्याला फार तर पाच मिनिटे लागतात. उद्या तुमच्यापैकी कुणी फळ्यावर, कागदावर किंवा मोबाईलवर दहा जणांसाठी काही लिहील. ते पाठवण्याआधी एकदा मोठ्याने वाचा. नाव पाहा, नंबर पाहा, नकार पाहा. मग खुशाल पाठवा.